हृदयाची खतावणी

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या घरी एक प्लास्टिकची फाईल असतेच. रक्ताचे रिपोर्ट, चष्म्याचा नंबर, एखादा जुना एक्स-रे, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी घडी घातलेला, गुलाबी चौकटींचा एक लांबट कागद. ईसीजीचा. डॉक्टर तो पाहतात, मान हलवतात आणि परत देतात. आपणही तो घरी आणून फाईलमध्ये ठेवून देतो. त्यावरच्या रेघेचा अर्थ आपल्याला लागत नाही, आणि खरं सांगायचं तर तो लावून घ्यायचा धीरही नसतो.

माझ्या फाईलमधल्या कागदाने मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही. गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या नेहमीच्या तपासण्यांत ईसीजी काढला, तेव्हा यंत्राने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आपणहून छापून टाकलं : लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ब्रँच हा शब्द असा भेटेल, असं वाटलं नव्हतं. डावी शाखा बंद! मी हसलो. बायको हसली नाही. ती डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि डॉक्टर कागदाकडे.

छातीत दुखत नव्हतं, दोन जिने चढून धाप लागत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, की ही गोष्ट काहींच्या बाबतीत जन्मभर निरुपद्रवी राहते आणि काहींच्या बाबतीत ती पुढच्या दुखण्याची पहिली सूचना असते. तुम्ही कोणत्या गटातले, ते या कागदावरून कळणार नाही. त्यासाठी हृदयावर ताण देऊन त्याची चित्रं काढावी लागतील. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

माझ्या टेबलाच्या खणात एका कादंबरीचा आराखडा पडून होता. चार वर्षांचं काम. तो मी बाहेर काढला, चाळला आणि परत ठेवून दिला. चार वर्षं हातात आहेत की नाहीत हेच ठाऊक नसेल, तर पहिलं पान तरी कशाला लिहायचं? परतफेडीची मुदत ठरल्याशिवाय कर्ज मंजूर करायचं नाही, ही आमची जुनी सवय. लिहिणं बंद पडलं, म्हणून वाचायला लागलो. ही रेघ पहिल्यांदा धड काढणारा माणूस कोण, एवढंच शोधायचं होतं. सापडला तो जावा बेटावर जन्मलेला एक डच मुलगा.

विलेम आइंटहोवन याचा जन्म २१ मे १८६० चा, सेमारांग गावातला. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे बंदर तेव्हा डचांच्या ताब्यात होतं. वडील याकोब आधी लष्करात आणि मग त्याच गावात डॉक्टर. आई वसाहतीच्या अर्थखात्याच्या संचालकाची मुलगी. सहा भावंडांत विलेम तिसरा, पण मुलग्यांत थोरला. तो सहा वर्षांचा असताना वडील गेले. चार वर्षांनी, १८७० मध्ये, आईने सहाही मुलांना घेऊन हॉलंड गाठलं आणि उट्रेख्त शहरात बिऱ्हाड केलं. अशा घरात थोरल्या मुलाने काय व्हायचं हे न बोलताच ठरलेलं असतं. १८७८ मध्ये विलेम उट्रेख्तच्या विद्यापीठात वैद्यकी शिकायला दाखल झाला. वडिलांसारखा डॉक्टर व्हायचं, हाच विचार होता.

पुस्तकात डोकं खुपसून बसणाऱ्यांतला तो नव्हता. व्यायाम, तलवारबाजी, नाव वल्हवणं, सगळ्यांत पुढे. विद्यार्थ्यांचा नौकानयनाचा क्लब काढणाऱ्यांत तो होता. एकदा व्यायाम करताना पडला आणि मनगट मोडलं. हात बांधलेला, बाहेर जायची बंदी. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. या मुलाने त्या सक्तीच्या विश्रांतीत, पंजा उताणा-पालथा करताना कोपरापासून मनगटापर्यंतची हाडं कशी फिरतात याचाच अभ्यास केला आणि त्यावर निबंध लिहिला. स्वतःच्या दुखण्याकडे भीतीने न पाहता कुतूहलाने पाहणारी माणसं असतात, त्यांतला तो एक. मी त्यांतला नाही, हे त्या तीन आठवड्यांत मला पुरतं कळून चुकलं होतं.

१८८५ मध्ये नामवंत शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स यांच्या हाताखाली त्याने डॉक्टरेट मिळवली. विषय हृदयाचा नव्हता. रंगांच्या फरकामुळे डोळ्यांना वस्तू जवळ-दूर कशा भासतात, हा होता. त्याच वर्षी लायडन विद्यापीठाने त्याला शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक नेमलं. वय वर्षं पंचवीस! पुढच्या वर्षी त्याने काम हाती घेतलं, नात्यातल्याच फ्रेडरिकाशी लग्न केलं. त्या खुर्चीवर आइंटहोवन मरेपर्यंत राहिले. एक्केचाळीस वर्षं एक गाव, एक प्रयोगशाळा. बदलीच्या भीतीने जन्म काढलेल्या आम्हा बँकवाल्यांना हेवा वाटावा अशी गोष्ट.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते, हे तोवर ठाऊक झालं होतं. १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी, छाती न उघडता, माणसाच्या कातडीवरूनच ती वीज नोंदवून दाखवली. वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉग होता. पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून तो शहाण्यासारखा उभा राही आणि त्याच्या हृदयाची वीज लोकांना दाखवली जाई. पुढे १९०९ मध्ये या कुत्र्याचा छळ होतो की काय, म्हणून थेट ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. आइंटहोवन यांनी वॉलर यांचं प्रात्यक्षिक १८८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या परिषदेत पाहिलं, आणि त्यांना त्यांचा विषय सापडला.

अडचण यंत्राची होती. काचेच्या केसासारख्या नळीत पारा आणि त्यावर आम्ल. विजेने पारा किंचित हलायचा आणि त्याचा फोटो घ्यायचा. पण पारा जड आणि आळशी. हृदयाची वीज झर्रकन वर जाऊन खाली येई, तेव्हा पारा कुठे हलायला लागलेला असे. म्हणजे नोंद व्हायची ती हृदयाची कमी आणि पाऱ्याच्या आळसाची जास्त. आइंटहोवन यांनी त्या पाऱ्याची चाल मोजली, त्याला गणित लावलं आणि पारा चपळ असता तर रेघ कशी आली असती ते कागदावर मांडलं. यंत्राने काढलेल्या मूळ रेघेच्या चढउतारांना त्यांनी ए, बी, सी, डी अशी नावं दिली होती. दुरुस्त केलेल्या रेघेत गोंधळ नको म्हणून वेगळी अक्षरं घेतली : पी, क्यू, आर, एस, टी. हे वर्ष १८९५. आज गल्लीतल्या दवाखान्यापासून मोठ्या इस्पितळापर्यंत सगळे डॉक्टर हीच अक्षरं वापरतात.

हे वाचताना मला आमचे दिवस आठवले. संगणक येण्यापूर्वी दिवसाचे व्यवहार आधी रोजकीर्दीत पडत, मग खतावणीत जात. रोजकीर्द म्हणजे घडलं तसं. खतावणी म्हणजे प्रत्येक रक्कम तिच्या जागी. आइंटहोवन यांनी हृदयाची खतावणी लिहिली, असं मी मनाशी म्हटलं.

पण दर वेळी गणित करून दुरुस्ती करत बसायचं, हे त्यांना पटेना. मुळात यंत्रच असं हवं, की दुरुस्ती लागू नये. त्यांनी पाऱ्याऐवजी एक तार घेतली. तार कसली, कोळ्याचा धागा बरा. क्वार्ट्झ वितळवायचं, ते एका बाणाला चिकटवायचं आणि बाण सोडायचा. बाणामागे ताणला जाणारा तो तंतू डोळ्यांना धड दिसतही नसे. त्याच्यावर चांदीचा मुलामा देऊन तो एका प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगायचा. हृदयाची वीज तंतूतून गेली की तंतू हलणार. त्याची सावली सूक्ष्मदर्शकातून मोठी करून सरकत्या काचेवर टिपायची. समुद्रातल्या तारायंत्रासाठी अशाच तत्त्वावरचं यंत्र फ्रान्सच्या आदेर यांनी १८९७ मध्ये केलं होतं. पण हृदयाची इतकी क्षीण वीज अचूक पकडण्याची ताकद आली ती आइंटहोवन यांच्या यंत्रात. १९०१ मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली, पुढच्या वर्षी त्यावर काढलेली माणसाच्या हृदयाची रेघ.

एवढ्या नाजूक तंतूभोवतीचा संसार मात्र अवाढव्य होता. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, त्याला दोन खोल्या लागत, चालवायला पाच माणसं आणि चुंबक तापू नये म्हणून सतत वाहतं पाणी. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं.

१९०३ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सर्वांत मोलाची वाटते. माप ठरवून दिलं. आडवा एक मिलिमीटर म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, उभा एक मिलिमीटर म्हणजे मिलिव्होल्टचा दहावा. माझ्या कागदावरचे गुलाबी चौकोन ते हेच. त्यामुळे लायडनची रेघ लंडनला वाचता येऊ लागली आणि शंभराहून अधिक वर्षांनंतर माझी रेघ माझ्या डॉक्टरांना.

यंत्र इस्पितळात नेता येईना, तेव्हा त्यांनी इस्पितळच यंत्राला जोडलं. इस्पितळ दीड किलोमीटर दूर. मध्ये टेलिफोनची तार. २२ मार्च १९०५ रोजी तिकडे बसलेल्या एका धडधाकट माणसाच्या हृदयाची रेघ इकडे प्रयोगशाळेत उमटली. त्या रेघेतलं आरचं टोक नेहमीपेक्षा उंच आलं. कारण काय, तर गडी प्रयोगशाळेतून इस्पितळापर्यंत सायकल मारत गेला होता! श्रम केलेल्या हृदयाची रेघ वेगळी दिसू शकते, ही पुढे फार मोठी झालेली गोष्ट अशी सायकलवरून आली. वर्षभरात त्यांनी त्या तारेवरून आलेल्या अनेक रुग्णांच्या रेघा प्रसिद्ध केल्या. वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही, असा पूर्ण अडथळाही त्यांत होता.

इथे माझ्या शाखेबद्दल थोडं सांगायला हवं. विहिरीवरून पाट निघतो, शेताच्या तोंडाशी येतो आणि तिथे त्याचे दोन फाटे होतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. हृदयातली वीज अशीच वाहते. उजव्या वरच्या कप्प्यातल्या गाठीतून निघते, मधल्या गाठीपाशी क्षणभर थबकते, मग एका जुडग्यातून खाली उतरते आणि दोन फाट्यांनी दोन्ही खालच्या कप्प्यांत पसरते. हे जुडगं १८९३ मध्ये हिस यांनी दाखवलं, मधली गाठ १९०६ मध्ये जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने, आणि वरची गाठ १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिशांनी. डावा फाटा बुजला तर डावीकडचं वावर कोरडं राहत नाही. उजवीकडून पाणी झिरपत झिरपत येतं, पण उशिरा. त्या उशिरामुळे कागदावरचं क्यू-आर-एसचं टोक रुंद होतं. तीन लहान चौकोनांच्या आत संपायचं ते तीन किंवा त्याहून अधिक चौकोन खातं. माझं तसंच होतं. पेन्सिलीने खुणा करून मी ते मोजलं होतं.

आता एक मौज पाहा. आइंटहोवन यांची रेघ अचूक होती, पण ती वाचणारे चुकले. व्हिएन्नात १९१० च्या सुमारास कुत्र्यांच्या हृदयातले हे फाटे कापून रेघ कशी बदलते ते पाहिलं गेलं आणि तोच नियम माणसांना लावला. कुत्र्याचं हृदय छातीत वेगळ्या ढंगाने बसलेलं असतं, याचा हिशेब धरला नाही. परिणामी जवळजवळ वीस वर्षं जगभरचे डॉक्टर डाव्या शाखेच्या अडथळ्याला उजव्याचा आणि उजव्याला डाव्याचा समजत राहिले. १९३० नंतर मिशिगनमधल्या फ्रँक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चूक सुधारली. चूक दुरुस्त झाली तेव्हा जुन्या रेघा फेकून द्याव्या लागल्या नाहीत. नोंद खरी होती, फक्त अर्थ बदलला. हिशेबतपासनिसाला याहून चांगली वही मिळणार नाही.

यंत्र बाजारात कसं गेलं, तीही कथा ऐकण्यासारखी. पहिलं म्युनिकच्या एडेलमान यांनी बनवलं. प्रत्येक यंत्रामागे आइंटहोवन यांना काही रक्कम द्यायचं ठरलं होतं. यंत्रात आपण सुधारणा केल्या आहेत, या सबबीवर ती पुढे बंद झाली. मग केंब्रिजच्या एका कंपनीने काम हाती घेतलं. तिचे प्रमुख होते होरेस डार्विन, उत्क्रांतिवाल्या चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव. लंडनचे तरुण डॉक्टर थॉमस लुइस यांनी हे यंत्र इस्पितळातल्या आजाऱ्यांकडे वळवलं आणि नाडीच्या अनियमितपणाची कोडी एकामागून एक सोडवली. आइंटहोवन आणि लुइस यांची मैत्री जमली. एकाकडे यंत्राचा अभ्यास, दुसऱ्याकडे रुग्णांचा; पण कुणी कुणाचं श्रेय खाल्लं नाही.

एवढं वाचून होईतो माझी तारीख आली.

श्रम करायला लावून हृदयाची परीक्षा घ्यायची, ही कल्पना १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर मास्टर यांनी रीतसर वापरात आणली. दोन पायऱ्या ठराविक वेळा चढायच्या-उतरायच्या. १९६३ मध्ये सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी सरकत्या पट्ट्यावर दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवण्याची पद्धत बसवली. आपण जिला स्ट्रेस टेस्ट म्हणतो, ती बहुतेक ठिकाणी अजूनही त्यांचीच. पण डावी शाखा बंद असली की ही परीक्षा अडते. रक्त कमी पडतंय का, हे रेघेच्या ज्या भागावरून ओळखायचं, तो भाग त्या अडथळ्याने आधीच बिघडवलेला असतो. डाग पडलेल्या कागदावर नवा डाग कसा ओळखणार? म्हणून चित्रं काढायची. १९७० च्या दशकात थॅलियम हा किरणोत्सारी पदार्थ अगदी अल्प प्रमाणात शिरेतून देऊन हृदयाच्या स्नायूत रक्त कुठे किती पोचतं ते कॅमेऱ्याने टिपता येऊ लागलं. पुढे टेक्नेशियम आलं, तरी आपल्याकडे लोक अजून थॅलियमच म्हणतात.

मला पळवलं नाही. डावी शाखा बंद असलेलं हृदय फार वेगाने धावलं, की दोन कप्प्यांमधल्या पडद्याला रक्त कमी मिळतंय असं चित्रात खोटंच दिसू शकतं. त्याऐवजी रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध शिरेतून दिलं. अंगभर ऊब पसरली, क्षणभर छातीत दाटल्यासारखं झालं आणि ओसरलं. मग कॅमेऱ्याखाली निमूट पडून राहायचं. छतावर पाण्याचा एक डाग होता, त्याकडे बघत मी लायडनच्या त्या खोलीत मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसलेल्या माणसांचा विचार करत होतो. त्यांनाही विचारायचं हेच असणार.

चित्रं बरी आली. सगळीकडे रक्त सारखं पोचत होतं, पंपाची ताकदही ठीक होती. किती वर्षं, हे मी विचारलंच. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की वर्षांचा आकडा कुणीच देऊ शकत नाही. हजारो माणसांच्या अशा चित्रांचा पाठपुरावा करून एवढं कळलं आहे, की ज्यांची चित्रं निर्दोष येतात त्यांच्यात हृदयविकाराचा झटका किंवा हृदयामुळे मृत्यू येण्याचं प्रमाण वर्षाला साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असतं, आणि जितका दोष मोठा तितकं ते वाढत जातं. वय, मधुमेह, शाखेचा अडथळा यांनी थोडा फरक पडतो. पण त्या शंभरातला तो एक कोण, हे चित्रात लिहिलेलं नसतं.

मला हे समजायला वेळ लागला नाही. कर्जविभागात मी हेच केलं होतं. अशा धंद्याच्या, अशा उत्पन्नाच्या शंभर कर्जदारांत इतके बुडवतील, हे अनुभवाने सांगता येई. समोर बसलेला हा माणूस बुडवील की नाही, हे मात्र छातीवर हात ठेवून कधीच सांगता आलं नाही. तरी आम्ही कर्जं दिली. नसती दिली तर बँक कशाला उघडली असती?

१९२४ मध्ये आइंटहोवन अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालं. १९२५ च्या डिसेंबरात त्यांनी नोबेलचं व्याख्यान दिलं, तेव्हा लुइस यांच्या कामाचा त्यांनी आवर्जून गौरव केला. आणखी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. तारेचं यंत्र बनवताना वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली राबलेला व्हान डर वूर्ड नावाचा एक मदतनीस होता. पारितोषिकाच्या पैशांतला त्याचा वाटा द्यावा म्हणून आइंटहोवन यांनी त्याचा शोध घेतला. तो वारला होता. त्याच्या दोन बहिणी हलाखीत दिवस काढत होत्या. त्यांना बोलावून रकमेतला अर्धा भाग त्यांनी दिला म्हणतात. माझ्या नोकरीत मी थकबाकीदार पुष्कळ पाहिले. न मागितलेलं देणं शोधत येणारा माणूस एखाददुसराच पाहिला.

शेवटच्या वर्षांत मुलगा विलेम त्यांच्या जोडीला होता. तो वीज-अभियंता. दोघांनी तार निर्वात पोकळीत बसवून तिला आणखी चपळ केलं आणि दूरवरून येणारे बिनतारी संदेश टिपायला लावलं. जावाहून हॉलंडला येणारे संदेशही त्यांत आले. पोरका होऊन जिथून बोटीने आले, त्या बेटावरचे संकेत आता त्यांच्याच तारेवर उमटू लागले. मुलगा पुढे जावातच बांडुंगच्या रेडिओ प्रयोगशाळेचा संचालक झाला. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या कैदेत सापडला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. वडिलांना ते पाहावं लागलं नाही. आइंटहोवन यांना पोटाचा कर्करोग झाला होता. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्ये ते गेले. जवळच्या उख्स्टखेस्ट गावी चर्चच्या आवारात त्यांना पुरलं.

हृदयाची रेघ जगाला वाचायला शिकवणारा माणूस हृदयाने गेला नाही. स्वतःची रेघ त्यांनी कितीही वेळा काढली असती, तरी तिच्यात हे दिसलं नसतं. पण रेघेला जे दिसतं त्याहून जास्त तिच्याकडून वदवून घ्यायचा प्रयत्न त्यांनी कधी केलेला मला आढळला नाही. जे मोजता येतं ते चोख मोजावं, माप सगळ्यांना सारखं ठेवावं आणि ज्याचं देणं आहे त्याचं देऊन टाकावं, एवढंच त्यांनी केलं.

गेले तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. मला परवाच सदुसष्ट पुरी झाली. हर्नियाचं ऑपरेशन विनाविघ्न पार पडलं. बायकोने तो गुलाबी कागद आणि ती चित्रं नव्या फाईलमध्ये लावली आणि फाईल कपाटात वरच्या फळीवर ठेवली, माझा हात सहज पोचू नये म्हणून. मी खणातून आराखडा बाहेर काढला. मुदत कुणीच लिहून देत नाही, तेव्हा हप्ता आपणच ठरवावा म्हटलं. रोज सकाळी दोन पानं. सध्या चौथं प्रकरण चालू आहे.